उंडीची पांढरी रोपं

आमच्या वाडीत कुठल्याही कामाचा पुढारी निवडायची रीत सोपी आहे. बैठकीत जो सगळ्यांत जास्त बोलेल, त्याच्या गळ्यात ते काम पडतं. त्या संध्याकाळी मी इतका बोललो, की शेवटी लोक चपला शोधायला लागले आणि उठता उठता मला पुढारी करून गेले.

विषय समुद्राचा होता, त्याला अडवायला किनाऱ्यावर झाडं लावायचा. तारकर्लीहून थोडं पुढे गेलं की आमची वाडी लागते. किनाऱ्यावर सुरूच्या झाडांची लांब रांग होती, माझ्या लहानपणी लावलेली. सुरू दिसायला देखणा, उंच, वाऱ्यावर शीळ घालणारा, पण आमच्या वाळूत त्याची मुळं वरवरच राहिलेली. मागे एका वादळात लाटांनी पायाखालची वाळू ओढून नेली आणि सगळी रांग एका अंगाला झोपली. तेव्हापासून समुद्र दर पावसाळ्यात थोडाथोडा आत येतो. आधी त्याने बैलगाडीची वाट खाल्ली. मग माझ्या मावशीच्या माडांची पुढची ओळ.

मावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन ती आमच्याच वाडीत आली आणि तिला नेमकं समुद्राला सगळ्यांत जवळचं घर मिळालं. नवरा गेल्यापासून एकटी असते. मुलगा मुंबईला, चतुर्थीला येतो. बैठकीनंतरच्या चतुर्थीला आला तेव्हा मागच्या पायरीवर उभं राहून त्याने माडांची उघडी पडलेली मुळं पाहिली आणि म्हणाला, "आये, पुढच्या चतुर्थीक मी तुका घेवन जातलंय. घराक कुलूप."

"कुलूप कित्या? हंय झाडां लावतले आसत," मावशी म्हणाली. "झाडां लागली काय समुद्र थांबतलो."

"कोण लावतलो?"

मावशीने माझ्याकडे बोट केलं. मावसभाऊ मला लहानपणापासून ओळखतो, त्यामुळे त्याचा चेहरा पडला. पण मी आयुष्यात कधी गप्प बसलेलो नाही. म्हटलं, "तू बिनघोर जा. पुढच्या चतुर्थीक येशीत तेव्हा झाडां तुका नमस्कार करतली."

हे बोलून घरी आलो आणि रात्री बॅटरी घेऊन किनाऱ्यावर किती झाडं लागतील ते पावलं टाकून मोजलं. माझं तसंच आहे. तोंड आधी बोलून मोकळं होतं, मग पायांना कळतं.

झाडं कुठली लावायची यावर वाडीत मतं फार. एकाला पुन्हा सुरूच हवा होता, कारण तो पटकन वाढतो. एकाला ऑस्ट्रेलियन बाभूळ हवी होती, कारण तिची रोपं फुकट मिळतात. मी माझ्या लेकीला फोन केला. ती वनशास्त्र शिकते, त्यामुळे झाडांविषयी ती जे सांगते ते मी दुसऱ्या दिवशी माझं म्हणून सांगतो. माझ्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. पुण्याची माणसं न्याहारीला बसली की त्यांना घावनासोबत थोडं शास्त्रही वाढावं लागतं.

लेक म्हणाली, "अगदी पुढे केवडा लावा. त्याच्या मागे उंडी, मग भेंड आणि करंज. आपल्याच किनाऱ्याची झाडं आहेत, खारा वारा त्यांच्या सवयीचा आहे. उंडी हळू वाढते, पण मुळं घट्ट धरते. आणि बाबा, ऐकताय ना? उंडीचं बी एका झाडाचं घेऊ नका. निदान दहा-बारा झाडांचं घ्या, तीही एकमेकांपासून लांबची."

"हो, हो," मी म्हणालो. दारात मासेवाली बसली होती आणि वाट्यावर आणखी एक बांगडा मिळणार की नाही यावर आमची चर्चा रंगात आली होती. लेकीचं शेवटचं वाक्य अर्धंमुर्धं कानावर आलं, बाकीचं बांगड्यांत गेलं.

आमच्या गावच्या देवराईत उंडीचं एक झाड आहे. चार माणसांच्या कवेत न मावणारं, काळंभोर, वर गडद पानांचा डेरा. वाडीत उंडी म्हटलं की तेच झाड. देवराईतली काडीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलायची नाही, म्हणून त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आम्ही नारळ घेऊन देवळात गेलो. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. थोरल्या मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू तुझ्या पायाकडे उभा रवला आसा. समुद्र वाडयेत शिरता आसा, तेका आडवूक ह्या झाडाची फळां न्हेवक मागता. तुझी खुशी आसात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

आणि आम्ही बघत बसलो. पाकळी पडेपर्यंतचा तो वेळ मला सोसत नाही. डोक्यात नको ते येतं. आत्ता डावी पडली तर? सगळ्यांसमोर? पण उजवी पडली, अलगद, आणि मी इतका सुटलो की मानकऱ्यांच्या पाया पडून गुरवाच्याही पडलो.

आता खरं तर दुसऱ्या गावांच्या देवराया पालथ्या घालायच्या, प्रत्येक देवाला वेगळा नारळ, वेगळं गाऱ्हाणं, पुन्हा ते पाकळीकडे डोळे लावून बसणं. मी मनाशी म्हटलं, देवाने ज्या झाडाला हो म्हटलं ते सोडून दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही. झाडही केवढं खानदानी. मुलगी द्यायची तर असंच घर बघून देतात. झाडाखाली फळांचा सडा होता. पोती भरली, घरामागे आणली, कवच्या फोडून बिया पिशव्यांत लावल्या.

पौषात कोंब वर आले. हिरवे, तांबूस, तुकतुकीत. आणि त्यांच्यात मधूनच पांढरे.

पांढरे म्हणजे फिकट नव्हेत. दुधासारखे. देठ पांढरा, पान पांढरं, उन्हात धरलं तर बोट पलीकडून दिसेल असं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चुना सांडलाय असं वाटून पुसायला गेलो. दोन दिवसांत गाव जमलं. पर्यटकांनी फोटो काढले. थोरले मानकरी आले, वाकून बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "देवान आपली खूण धाडल्यान." दुसऱ्या दिवशी एका पांढऱ्या रोपाला कुंकू लागलं होतं. वाहिलेलं तांबडं जास्वंद त्याच्या कडेला असं दिसत होतं की मलाही क्षणभर खरंच वाटलं.

मावशी एक पांढरं रोप मागून घेऊन गेली. तुळशीशेजारी ठेवलं. "ह्या माझा," म्हणाली. "ह्या वाढला काय माका मुंबयक न्हेवची कोणाची हिंमत नाय."

मी तिला मोठ्या ऐटीत रोप दिलं. पाणी किती घालायचं तेही सांगितलं.

संक्रांतीला लेक सुट्टीवर आली. मी तिला अंगणातूनच हाताला धरून मागे नेलं, बक्षीस दाखवावं तसं. ती रोपांपुढे उकिडवी बसली आणि एकेक पांढरं पान उलटून बघू लागली.

"बाबा, किती झाडांचं बी आहे हे?"

"तसं बघायला गेलं तर..."

"किती?"

"झाड मोठं होतं गो."

"बाबा."

"एक," मी म्हणालो.

तिने कपाळाला हात लावला. अगदी तिच्या आईसारखा. मग समजावून सांगितलं. देवराईतलं ते झाड एकटं आहे. जवळपास दुसरी उंडी नाही, त्यामुळे त्याच्या फुलांवर त्याचेच पराग पडतात. प्रत्येक झाडाच्या पोटात एखाददुसरा दोष झाकलेला असतो. आईबाप वेगळे असले की एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाखाली दबतो. इथे आई तीच आणि बापही तोच, झाकायला दुसरं कोणी नव्हतंच. म्हणून दोष वर आला. या रोपांना हिरवेपणाच मिळाला नाही, त्यांना उन्हातून अन्न करता येत नाही. बियांतलं दूध आहे तोवर ती जगतील.

"म्हणजे मरतील?"

"सगळी."

"आणि हिरवी?"

"काही चांगली निघतील. काही दोन पावसाळे काढतील आणि बसतील. कुठलं कसं ते आज बघून कळत नाही, तोच तर घोळ आहे. शिवाय उद्या मोठी झाली की सगळी सख्खी भावंडं एका रांगेत. त्यांची पोरं आणखी रोड."

मी त्या हिरव्या रोपांकडे पाहिलं. कालपर्यंत ती मला शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखी दिसत होती. आता प्रत्येकाच्या पोटात काय दडलंय कोण जाणे. 

पण त्याहून कठीण काम पुढे होतं. देवाची खूण म्हणजे आजार आहे, हे थोरल्या मानकऱ्यांना कोण सांगणार? मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "पुढारी तुम्ही."

मानकरी त्या दिवशी फुलं घेऊनच आले. मी पाट दिला, चहा दिला, हवेबद्दल बोललो, बांगड्यांबद्दल बोललो. मग म्हटलं, "आजोबा, ही सगळी एकाच झाडाची. म्हंजे भावंडांच."

"मगे?"

"मगे पुढे तेंची सोयरीक एकमेकांतच. सगोत्र."

त्यांनी कप खाली ठेवला. "झाडांची सोयरीक तू कधीपासून जमवूक लागलंस? पोरीची आधी जमव."

लेक पडवीत खोकली.

"आणि ही पांढरी..." मी घाम पुसला. "ही दोषाची आसत."

"देवाच्या झाडाक दोष आसा म्हणतंस?"

असं शांतपणे विचारलं की भीती जास्त वाटते. मला एकदम दिसलं, गावाने माझं पाणी तोडलंय, पुण्याची माणसं दुसऱ्याच्या खोल्यांत घावन खातायत आणि मावशी मुंबईला तिसऱ्या मजल्यावर बसलीय. मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतायला लागलो, तो काठावरून बशीत गेला. शेवटी लेकच बाहेर आली.

"झाडाला दोष नाही, आजोबा. ते एकटं आहे एवढंच. शेजारी आणखी उंडी असत्या तर असं झालं नसतं."

मानकऱ्यांनी मान वळवून देवळाच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "होती गो बाय. देवळापासून थेट दर्यापर्यंत होती. माझ्या बापाशीन होडयेंसाठी तोडून न्हेलल्यान. राय सोडून बाकीची." फुलं त्यांनी परत पिशवीत घातली. "दुसऱ्या जाग्यावरचा बी गावता काय बघा. माझ्याकडसून नाय म्हणूचंय नाय."

राहिली मावशी. तिला मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो, रोज तिच्या अंगणात जायचो, ती त्या पांढऱ्या रोपाला तांब्याने पाणी घालत असायची आणि मी चहा पिऊन परत यायचो. पानांच्या कडा पिवळट झाल्या. मग करड्या. मी म्हणालो, "थंडी जास्त आहे." एके सकाळी देठच वाकला होता. मावशी तुळशीच्या कट्ट्यावर बसलेली.

"मेला ता," ती म्हणाली. "देवाचीच मर्जी. जातंय मी मुंबयक."

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. झाड एकटं, बी एकाचं, दूध संपलं, सगळी मरणार होती, देवाचा काही संबंध नाही, संबंध असेल तर माझ्या आळसाचा.

मावशी ऐकत राहिली. "तुका म्हायत होता?"

"संक्रांतीपासून."

"आणि माका रोज पाणी घालूक लावलंस?"

"मावशी..."

"मेल्या, मी तेका पाणी घालतंय आणि तू हंय बसान माझो चाय पितंस! वर थंडी जास्त म्हणतंस!" तिने तांब्या उचलला. मला वाटलं आता फेकते. तिने उरलेलं पाणी तुळशीला घातलं. "चतुर्थेक माझो झील येतलो. तोपर्यंत धड झाडां उभी कर, नायतर तोंड दाखवू नको."

फळांचा हंगाम सरत आला होता. लेक रविवारी घरी आली तशी आम्ही दोघं स्कूटर घेऊन खाडीकाठाने निघालो. जिथे उंडी दिसेल तिथे थांबायचं, दोन-चार झाडं गाठायची, पण खाली बहुतेक कुजलेलं, किडलेलं. वालावलच्या बाजूला एका वडाखाली मी सावलीला उभा राहिलो आणि माझ्या टकलावर काहीतरी टणकन आपटलं. पाठोपाठ काहीतरी ओलंही पडलं. वर पाहिलं तर वटवाघळं, छत्र्या टांगल्यासारखी. लेक माझ्याकडे बघून हसत होती, आणि हसता हसता तिने खाली बघितलं. वडाखाली उंडीच्या कवच्या पसरल्या होत्या. वरचा गर चाटूनपुसून खाल्लेल्या, आतलं बी शाबूत.

"इथे एकही उंडी नाही," ती म्हणाली. "ही दोन्ही काठांवरून गोळा करून आणतात. बाबा, तुम्हाला सांगितलेलं काम वाघळांनी केलंय."

"त्यांना मासेवाली भेटली नसेल," मी म्हणालो.

वड त्या गावच्या देवाचा होता. म्हणजे पुन्हा कौल. मी हात जोडून तिथल्या मानकऱ्याला विचारायला गेलो, माझ्या टकलाची अवस्था बघून तो आधी हसला. "वडाची पानां मागशात तर इचारूक व्हया. ह्या तर वाघळांचा उष्टा. देवाक काय इचारूचा? न्हेया."

ते बी माघात लागलं. उशीर झाला होता आणि मला रोज सकाळी उठून पिशव्या बघायची चटक लागली. कोंब वर आला की मी श्वास धरायचो. हिरवा. पुढचा? हिरवा. पांढरा कोंब आला नाही, पण एखादं पान जरा पिवळं दिसलं की लेकीला फोन. ती म्हणायची, "बाबा, पाणी जास्त झालंय. झोपा."

पाऊस स्थिरावल्यावर लावणी झाली. पुढे केवडा, मागे वाघळांची रोपं, त्यांच्यात थोडीच आमच्या देवराईतली, शेजारी शेजारी येणार नाहीत अशी, मग भेंड आणि करंज. वाघळांची रोपं वीतभरच. वाळूत लावल्यावर लांबून दिसतही नव्हती. वाडीतल्या एकाने सरळ विचारलं, "ही झाडां काय भाजी?" मावशी रोज रोपांवर आलेली गुरं हाकलायची आणि संध्याकाळी एकेका रोपाभोवतीची वाळू हाताने दाबायची. मला चहा विचारायचं तिने सोडलं होतं. तेच जास्त लागायचं.

आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाने केवड्याची काही बेटं उपटली. श्रावणात आणखी एक माड गेला.

चतुर्थीला मावसभाऊ आला. आरती झाली, मोदक झाले, आणि तो मला घेऊन मागे गेला. वीतभराची रोपं आता पोटरीला लागत होती, सगळी नव्हेत. तो चालत शेवटपर्यंत गेला आणि परत आला. मावशी मागच्या दारात उभी.

"दादा, खरा सांग. ही झाडां समुद्राक आडवतली?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. मुळं कशी धरतात, खारा वारा कसा अडतो, सगळं शास्त्र. मी तोंड उघडलं आणि मावशीने माझ्याकडे बघितलं.

"आता नाय," मी म्हणालो. "आणखी पाच-सात वर्षां नाय. मगे आडवतली, जगली तर. तोपर्यंत घराचा काय होतला, माका सांगूक येवचा नाय."

मावसभाऊ आईकडे वळला. "ऐकलंस? ह्यो सुद्धा नाय म्हणता."

"ऐकलंय," मावशी म्हणाली. "जन्मात पयल्यांदा तो नाय म्हटल्यान. म्हणान तर मी रवतंय."

"आये, वेड्यासारख्या काय बोलतंस?"

"तो व्हय म्हणता तेव्हा माका भय वाटता. आता झाडां ल्हान आसत, गुरां तोंड घालतत, वाळू सरता. कोण बघतला? ह्यो?" तिने माझ्याकडे हात केला. "ह्यो चाय पितलो."

भाऊ खूप बोलला. रडकुंडीलाही आला. शेवटी ठरलं की पाणी मागच्या पायरीला लागलं तर त्याच दिवशी ती माझ्या खोलीत येऊन राहील, आणि मी फोन करीन. जाताना त्याने माझा हात धरला, बराच वेळ. बिनघोर जा असं यावेळी मी म्हणालो नाही.

ती राहिली. मला तेच हवं होतं. आणि आता भरतीची वेळ मला पाठ असते. पाहुण्यांना घावन वाढताना मी समुद्राचा आवाज ऐकतो, जरा मोठा वाटला की चटणी द्यायची राहते. भाद्रपदातल्या अमावास्येला दुपारी आभाळ भरून आलं, तसा मी हातातलं टाकून तिच्याकडे गेलो.

"कित्या इलंस?" मावशी मागच्या पायरीवर बसली होती.

"असाच."

"असाच नाय. भियालंस म्हणान इलंस. बस हंय."

बसलो. लाटा केवड्यापर्यंत येत होत्या, फेस पानांत अडकत होता आणि पाणी मागे जात होतं. एक लाट मोठी आली. केवडा बुडाला, पाणी उंडीच्या पहिल्या ओळीत शिरलं, थोडा वेळ रोपांचे नुसते शेंडे दिसले. मी उभा राहिलो. मावशीने माझा शर्ट धरून खाली बसवलं. पाणी ओसरलं. रोपं होती. मधलं एक मात्र आडवं पडलं होतं, मुळं अर्धी बाहेर.

"ता बघ," मावशी म्हणाली, "पुढची लाट येवच्या आधी उभा करूक व्हया," आणि पदर खोचून उठली. मी तिच्या मागोमाग गेलो, चपला हातात घेऊन.